विश्लेषण : पाच मिनिटांची चकमक आणि बदललेली पोलिसांची पिस्तुले... मायामी ते मुंबई, खरा धडा कोणता?

११ एप्रिल १९८६. अमेरिकेतील मायामी शहराच्या दक्षिणेकडील एका रहिवासी भागात एफबीआयचे आठ एजंट आणि दोन दरोडेखोर समोरासमोर आले. पाच मिनिटांहून कमी वेळात सुमारे १४५ गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्ही दरोडेखोर ठार झाले, पण दोन एजंटांचाही मृत्यू झाला आणि पाच जण जखमी झाले. आठपैकी फक्त एकाला इजा झाली नाही. या चकमकीने अमेरिकी पोलिसांच्या कमरेचे शस्त्र, त्यातील गोळी आणि ती गोळी तपासण्याची पद्धत बदलून टाकली. त्याआधी आणि नंतरही अशा काही चकमकी झाल्या, ज्यांनी जगभरातील पोलिसांना आपली शस्त्रे नव्याने निवडायला लावली. प्रत्येक वेळी चर्चा रंगली ती बंदुकीची. या चकमकींचे तपशील नीट तपासले तर मात्र बंदूक हे कारणांपैकी एकच कारण असल्याचे दिसते.

मायामीत नेमके काय घडले?

मायकेल प्लॅट आणि विल्यम मॅटिक्स हे दोघेही अमेरिकी लष्करातील माजी सैनिक. १९८५च्या अखेरीपासून त्यांनी मायामी परिसरात बँका आणि रोकड नेणाऱ्या चिलखती गाड्या लुटण्याचा सपाटा लावला होता. दरोड्यासाठी लागणारी गाडी मिळवायला ते माणसांवर गोळ्या झाडत. अशीच पळवलेली एक काळी शेव्हरोलेट मॉन्टे कार्लो गाडी एफबीआय शोधत होती. दरोडेखोर त्या शुक्रवारी पुन्हा बाहेर पडतील, या अंदाजाने १४ एजंट वेगवेगळ्या गाड्यांतून त्या भागात फिरत होते.

सकाळी साडेनऊच्या सुमारास ती गाडी दिसली. पाठलाग सुरू झाला आणि एजंटांनी आपल्या गाड्यांनी धडक देऊन ती रस्त्याकडेला अडवली. या धडकेतच पहिले नुकसान झाले. तयारीत असावे म्हणून होल्स्टरबाहेर काढून ठेवलेली रिव्हॉल्व्हर धक्क्याने गाडीत कुठेतरी उडाली. दोन एजंटांना गोळीबार सुरू होण्याआधीच आपले मुख्य शस्त्र गमवावे लागले.

प्लॅटकडे रुगर मिनी-१४ ही अर्धस्वयंचलित रायफल होती. एजंटांपैकी बहुतेकांकडे सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर होती, तिघांकडे ९ मिमीची पिस्तुले होती आणि सोबत शॉटगन होत्या. अंतर काही मीटरचे होते. रायफलच्या गोळीत त्या पिस्तुलाच्या गोळीच्या सुमारे तिप्पट ऊर्जा होती. एजंटांपैकी काहींनी घातलेली हलकी संरक्षक जॅकेट रायफलची गोळी अडवण्यासाठी बनवलेलीच नव्हती.

मॅटिक्सला सुरुवातीलाच गोळ्या लागल्या आणि तो बराच वेळ निपचित पडला. जवळपास सगळी हानी एकट्या प्लॅटने केली. शेवटी एजंट एडमंडो मिरेलेस यांनी लढाई संपवली. त्यांचा डावा हात रायफलच्या गोळीने निकामी झाला होता. त्यांनी एका हाताने शॉटगनचे पाच बार काढले. प्रत्येक बारानंतर शॉटगनचा पंप त्यांना एकाच हाताने ओढावा लागत होता. मग रिव्हॉल्व्हर घेऊन ते दरोडेखोर बसलेल्या गाडीकडे चालत गेले आणि त्यांनी दोघांनाही ठार केले. जेरी डव्ह आणि बेंजामिन ग्रोगन हे एजंट या चकमकीत मृत्युमुखी पडले. दक्षिण फ्लोरिडातील एफबीआयच्या कार्यालयाला आज या दोघांचे नाव आहे.

एका गोळीची इतकी चर्चा का झाली?

चकमकीच्या सुरुवातीलाच जेरी डव्ह यांच्या पिस्तुलातील एक गोळी प्लॅटच्या उजव्या दंडातून आरपार गेली आणि बगलेखालून छातीत शिरली. तिने फुप्फुस निकामी केले आणि ती हृदयाच्या अलीकडे, जेमतेम इंचभर अंतरावर थांबली. ही जखम प्राणघातक होती. पण प्लॅट लगेच मेला नाही. त्यानंतरही तो रायफल चालवत राहिला. डव्ह आणि ग्रोगन यांचा जीव घेणाऱ्या गोळ्या त्याने या जखमेनंतर झाडल्या.

शवविच्छेदनात प्लॅटच्या शरीरावर सुमारे डझनभर आणि मॅटिक्सच्या शरीरावर सहा गोळ्यांच्या जखमा आढळल्या. दोघांच्याही रक्तात अमली पदार्थ सापडले नाहीत. म्हणजे ‘नशेत होता म्हणून पडला नाही’ हे सोपे स्पष्टीकरणही उरले नाही. एफबीआयसमोर प्रश्न उभा राहिला. ती गोळी आणखी एक-दोन इंच आत गेली असती, तर दोन एजंट वाचले असते का?

गोळी लागताच माणूस कोसळत नाही का?

सिनेमात गोळी लागलेला माणूस हवेत उडून मागे पडतो. भौतिकशास्त्र वेगळे सांगते. ९ मिमी पिस्तुलाची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने जाते. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. या गोळीचा संवेग ताशी १०० किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही कमी भरतो. तो चेंडू झेलताना यष्टिरक्षक मागे उडत नाही. न्यूटनचा तिसरा नियमही हेच सांगतो. गोळीत समोरच्याला उडवण्याची ताकद असती, तर गोळी झाडणाराही तितक्याच जोराने मागे फेकला गेला असता.

मग माणूस थांबतो कशामुळे? गोळी मेंदूला किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागाला लागली तर तो तत्काळ थांबतो. इतर ठिकाणी लागल्यास रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळेपर्यंत वेळ जातो. हृदय पूर्ण निकामी झाले तरी मेंदूत १० ते १५ सेकंद पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो, असे एफबीआयनेच १९८९च्या आपल्या अहवालात नोंदवले. १५ सेकंद ऐकायला कमी वाटतात. पण अर्धस्वयंचलित रायफल हातात असलेल्या माणसाला तेवढ्या वेळात अख्खे मॅगझिन रिकामे करता येते. वेदना किंवा भीतीमुळे अनेक जण एका गोळीतच खाली बसतात हे खरे. मात्र निकराने लढणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही.

एफबीआयने काय बदलले?

सप्टेंबर १९८७ मध्ये एफबीआयने क्वांटिको येथे शल्यविशारद, न्यायवैद्यक आणि शस्त्रतज्ज्ञांना एकत्र बसवले. त्यातून चाचणीची एक पद्धत पुढे आली. मानवी स्नायूंशी साधर्म्य असलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यावर गोळी झाडायची आणि ती किती खोल जाते ते मोजायचे. मध्ये जाड कपडे, पत्रा, प्लायवूड आणि गाडीची काच असे अडथळे ठेवूनही तीच मोजणी करायची. गोळी किमान १२ इंच खोल गेलीच पाहिजे, हा निकष ठरला. समोरचा माणूस आडवा उभा असेल, मध्ये त्याचा हात असेल, तरी गोळी महत्त्वाच्या अवयवापर्यंत पोहोचावी, हा त्यामागचा हिशेब. मायामीतील दंडाची जखम थेट या निकषात उतरलेली दिसते.

त्यानंतर रिव्हॉल्व्हर मागे पडले आणि जास्त गोळ्यांची पिस्तुले आली. एफबीआयने आधी १० मिमीचे मोठे पिस्तूल निवडले. ते वजनदार निघाले. त्याची गोळीही आधीच सौम्य करून घ्यावी लागली होती. तिच्यातूनच पुढे पॉइंट फोर झीरो हे मधले काडतूस जन्माला आले. १९९० मध्ये बाजारात आलेले हे काडतूस काही वर्षांतच अमेरिकेतील बहुतांश पोलीस दलांनी स्वीकारले.

यातील गंमत पुढेच आहे. सुमारे तीन दशकांनंतर, २०१५-१६च्या सुमारास एफबीआय पुन्हा ९ मिमीवर परतले. ज्या कॅलिबरवर मायामीचे खापर फोडले गेले होते, तेच. मधल्या काळात गोळीची रचना सुधारली होती आणि १२ इंचांची परीक्षा ९ मिमीची नवी गोळीही उत्तीर्ण होऊ लागली होती. धक्का कमी असल्याने नेम लवकर बसतो, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त मावतात आणि खर्चही कमी होतो, असे एफबीआयचे म्हणणे होते. म्हणजे मायामीतून टिकून राहिली ती मोजमापाची पद्धत. कॅलिबर आले आणि गेले.

मग दोष फक्त गोळीचा होता का?

नाही. त्या दिवशी एफबीआयकडे जास्त ताकदीची शस्त्रेही होती. शोधमोहिमेतील काही एजंटांकडे एमपी-५ सबमशीनगन होत्या. पण त्यांच्या गाड्या चकमकीच्या ठिकाणी वेळेत पोहोचल्या नाहीत. १४ पैकी आठच एजंट प्रत्यक्ष लढाईत होते. दरोडेखोर रायफल वापरतात याची कल्पना असूनही सगळ्यांना रायफलची गोळी थोपवणारे जॅकेट दिलेले नव्हते. गाडी कुठे आणि कशी अडवायची, याची आखणी धावत्या गाडीत, काही सेकंदांत करावी लागली.

शिवाय ताणाखाली नेम धरणे किती अवघड असते, हे आकडेच सांगतात. रँड कॉर्पोरेशन या संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास करून २००८ मध्ये अहवाल दिला. समोरून गोळीबार होत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी साधारण १८ टक्केच गोळ्या लागल्या होत्या. पाचांतील चार चुकल्या. गोळी कितीही चांगली असली तरी ती लागलीच नाही तर उपयोग शून्य. उलट चुकलेली गोळी कुठेतरी जाऊन आदळतेच.

चुकीचा धडा घेतला जातो तेव्हा...

६ एप्रिल १९७० रोजी मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे महामार्ग पोलिसांच्या दोन जवानांनी एका संशयित गाडीला थांबवले. गाडीतील दोघे शस्त्रसज्ज होते. पहिले दोन जवान मारले गेले, मदतीला आलेले दुसरे दोघेही मारले गेले. हे सारे पाच मिनिटांच्या आत घडले. चौघेही विशीतले, नोकरीत दोन वर्षेही पूर्ण न झालेले. त्यापैकी एक जण रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा गोळ्या भरत असताना मारला गेला.

पुढे अमेरिकी पोलीस प्रशिक्षणात एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाऊ लागली. त्या जवानाच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, कारण सरावाच्या मैदानावर पुंगळ्या जमिनीवर टाकू नयेत, अशी सवय लावली होती. ऐन मृत्यूच्या क्षणीही हात त्याच सवयीने चालला, असे तात्पर्य. गोष्ट प्रभावी होती, पण नंतर घटनेच्या नोंदी आणि छायाचित्रे पुन्हा तपासली गेली तेव्हा पुंगळ्या जमिनीवरच पडल्या होत्या, असे दिसून आले.

‘सराव करतो तसेच आपण लढतो’ हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. पण न्यूहॉलमध्ये खरी उणीव होती ती धोकादायक गाडी थांबवण्याच्या पद्धतीत. किती अंतर ठेवायचे, आडोसा कुठे घ्यायचा, कुमक येईपर्यंत थांबायचे की पुढे जायचे, याची स्पष्ट कार्यपद्धती नव्हती. तिथल्या दलाने ती नंतर ठरवली. सोबत रिव्हॉल्व्हर एका झटक्यात भरणारे स्पीडलोडरही दिले. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसते, म्हणून तीच जास्त लक्षात राहिली.

४४ मिनिटांचे युद्ध : नॉर्थ हॉलीवूड

२८ फेब्रुवारी १९९७. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवूड भागातील बँक ऑफ अमेरिकाच्या शाखेतून लॅरी फिलिप्स आणि एमिल मातासारेआनू हे दोन दरोडेखोर बाहेर आले, तेव्हा पोलिसांनी बँकेला वेढा घातला होता. दोघांच्या अंगावर चिलखत आणि हातात पूर्ण स्वयंचलित रायफली होत्या. पोलिसांकडे ९ मिमी पिस्तुले, काही रिव्हॉल्व्हर आणि शॉटगन. पोलिसांच्या गोळ्या दरोडेखोरांना लागत होत्या, पण चिलखत भेदत नव्हत्या. दरोडेखोरांच्या गोळ्या मात्र पोलिसांच्या गाड्यांमधून आरपार जात होत्या.

काही अधिकारी जवळच्या शस्त्रविक्रीच्या दुकानात धावले आणि तेथून रायफली मागून आणल्या. मात्र चकमकीचा निकाल त्यांनी लागला नाही. स्वॉट पथक पोहोचले, तोवर सामान्य गस्ती पोलीस आहे त्या शस्त्रांनिशी दोघांना अडवून उभे होते. जखमींना बाहेर काढण्यासाठी रोकड वाहून नेणारी एक चिलखती गाडी वापरण्यात आली. फिलिप्सने अखेर स्वतःवर गोळी झाडली, त्याच क्षणी पोलिसांची गोळीही त्याला लागली. मातासारेआनूला स्वॉटच्या जवानांनी गाडीखालच्या फटीतून पायांवर गोळ्या झाडून पाडले.

दरोडेखोरांनी सुमारे १,१०० गोळ्या झाडल्या. १२ पोलीस आणि आठ नागरिक जखमी झाले. पण दोघा दरोडेखोरांखेरीज कोणाचाही मृत्यू झाला नाही. यात नशिबाचा भाग होताच. मात्र मायामीशी तुलना केली तर एक फरक ठळक दिसतो. इथे पोलीस काही फुटांवर जाऊन भिडले नाहीत. त्यांनी अंतर राखले, आडोसा धरला, रस्ते अडवले आणि वेळ काढला. शस्त्र तोकडे असतानाही त्यांचा जीव वाचला, त्यात या गोष्टींचा वाटा मोठा आहे.

रायफली मिळाल्या, प्रश्न सुटला?

या चकमकीनंतर लॉस एंजेलिस पोलिसांना लष्कराकडील वापरात नसलेल्या ६०० एम-१६ रायफली मिळाल्या. गस्तीच्या गाडीत रायफल असणे हळूहळू अमेरिकेत सर्वमान्य झाले. त्याच सुमारास लष्कराची जादा सामग्री पोलिसांना देणारी ‘१०३३’ ही केंद्रीय योजनाही उभी राहिली. त्यातून रायफलींबरोबर चिलखती वाहनेही छोट्या गावांच्या पोलिसांकडे पोहोचली.

ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातील फर्ग्युसन येथे पोलिसांच्या गोळीबारात एका कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाला आणि लोक रस्त्यावर उतरले. त्या निदर्शकांसमोर चिलखती गाड्या आणि रोखलेल्या रायफली दिसल्या, तेव्हा ही सामग्री नेमकी कोणासाठी, असा प्रश्न देशभर विचारला गेला. ओबामा प्रशासनाने २०१५ मध्ये काही सामग्रीवर निर्बंध घातले. ट्रम्प प्रशासनाने २०१७ मध्ये ते उठवले. असामान्य दिवसासाठी घेतलेले शस्त्र उरलेल्या सामान्य दिवशीही पोलिसांच्या हातात असते. नियम आणि प्रशिक्षण नसेल तर ते नव्या समस्या निर्माण करते.

पोलीस मागे, हल्लेखोर पुढे : ही अडचण नवी आहे का?

अजिबात नाही. डिसेंबर १९१० मध्ये लंडनच्या हाउंड्सडिच भागात दागिन्यांच्या दुकानात घरफोडी करणाऱ्या टोळीने तीन पोलिसांना ठार केले. ३ जानेवारी १९११ रोजी या टोळीतील दोघे सिडनी स्ट्रीटवरील एका घरात लपल्याचे कळले. सुमारे दोनशे पोलिसांनी घर वेढले, पण त्यांच्याकडे जुनी रिव्हॉल्व्हर, शॉटगन आणि हलक्या रायफली होत्या. आतल्या दोघांकडे माउझरची आधुनिक पिस्तुले होती. शेवटी टॉवर ऑफ लंडनमधून स्कॉट्स गार्ड्सचे सैनिक बोलवावे लागले. तत्कालीन गृहमंत्री विन्स्टन चर्चिल स्वतः तेथे पोहोचले आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. कित्येक तासांनी घराला आग लागली आणि दोघांचे मृतदेह आत सापडले. लंडन पोलिसांनी त्यानंतर नवी पिस्तुले घेतली.

दोन पोलीस दले, दोन देश, मध्ये ८६ वर्षांचे अंतर. क्रम मात्र तोच. आधी चकमक, मग मृत्यू किंवा नामुष्की, मग खरेदी.

२६/११ : थ्री नॉट थ्री विरुद्ध एके-४७

मुंबईने हा क्रम २६ नोव्हेंबर २००८ रोजी अनुभवला. अजमल कसाब आणि इस्माईल खान हे दोन दहशतवादी एके-४७ आणि हातबॉम्ब घेऊन छत्रपती शिवाजी टर्मिनसवर घुसले. तेथे बंदोबस्तावरील पोलिसांपैकी काहींकडे थ्री नॉट थ्री रायफली, तर काहींकडे फक्त लाठ्या होत्या. लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तेथे शहीद झाले. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या आणि खुर्चीही फेकून मारली. स्थानकावरील उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित बाजूने बाहेर जाण्याच्या सूचना देत अनेकांचे प्राण वाचवले.

थ्री नॉट थ्रीबद्दल एक गैरसमज इथे दूर करायला हवा. ही रायफल कमजोर नाही. तिच्या गोळीची ऊर्जा एके-४७च्या गोळीच्या सुमारे दीडपट असते. अडचण आहे ती वेगाची. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि पुन्हा नेम धरायचा. एके-४७च्या मॅगझिनमधील ३० गोळ्या चाप दाबून धरला तर काही सेकंदांत सुटतात. गर्दीने भरलेल्या स्थानकात, जुन्या रायफलने, पुरेशा सरावाविना, धावत्या दहशतवाद्यावर नेम धरण्याची अपेक्षा त्या शिपायांकडून केली जात होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवलेली ही रायफल उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप देईपर्यंत वापरली.

त्याच रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी एकाच क्वालिस गाडीत असताना दहशतवाद्यांच्या गोळीबारात शहीद झाले. अनुभव किंवा धैर्य यांची कमतरता तिघांपैकी कोणातही नव्हती. पण गाडीचा पत्रा रायफलची गोळी अडवत नाही आणि गाडीत दाटीने बसलेल्या माणसाला हालचालीला जागा नसते. हल्लेखोर नेमके कुठे आहेत, ही माहिती वेळेत हाती असणे अशा वेळी कोणत्याही शस्त्राइतकेच महत्त्वाचे असते.

गिरगाव चौपाटीवर वेगळे काय होते?

कसाब आणि इस्माईल पुढे एक स्कोडा गाडी पळवून मरीन ड्राइव्हच्या दिशेने निघाले. या वेळी मात्र गाडीचे वर्णन बिनतारी संदेशाने पुढे पोहोचले होते. गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलिसांनी नाकाबंदी केली होती. गाडी येणार हे त्यांना ठाऊक होते, रस्ता अडवलेला होता आणि पोलीस आपापल्या जागी उभे होते. गाडी थांबली, वळण्याचा प्रयत्न करताना दुभाजकावर अडकली. पोलिसांच्या गोळीबारात इस्माईल मारला गेला. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ची नळी दोन्ही हातांनी पकडली आणि शरीरात गोळ्या शिरत असतानाही ती सोडली नाही. सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले.

साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावच्या या माजी सैनिकाला मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. कसाब जिवंत हाती लागल्यामुळेच कटाचे धागे पाकिस्तानपर्यंत जोडता आले आणि खटला उभा राहिला.

शस्त्रांच्या हिशेबात चौपाटीवरचे पोलीस स्थानकातील पोलिसांपेक्षा फारसे पुढे नव्हते. त्यांच्याकडे तीन गोष्टी जास्त होत्या. वेळेवर मिळालेली माहिती, अडवलेला रस्ता आणि ठरलेली जागा. तरीही एका माणसाला प्राण द्यावे लागले, कारण चौथी गोष्ट त्याच्या हातात नव्हती. ओंबळे यांचे शौर्य सांगताना ही उणीव झाकली जाऊ नये.

२६/११ नंतर काय बदलले?

राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. शस्त्रे, दारूगोळा, सराव आणि आपत्कालीन कार्यपद्धतीचे पालन यांतील त्रुटींवर समितीने बोट ठेवले. महाराष्ट्राने फोर्स वन हे कमांडो पथक उभारले. हल्ल्याच्या रात्री एनएसजीचे कमांडो हरियाणातील मानेसरहून येईपर्यंत पहाट उलटली होती. म्हणून २००९ मध्ये मुंबईत एनएसजीचे केंद्र सुरू झाले. नवी शस्त्रे, बुलेटप्रूफ जॅकेट आणि वाहने आली.

खरेदी मोजता येते, तिचे छायाचित्र काढता येते. सराव तसा दिसत नाही. दरवर्षी किती शिपायांनी किती गोळ्या झाडल्या, गाडीतून उतरून आडोसा घेण्याचा सराव किती वेळा झाला, नियंत्रण कक्षाचा संदेश शेवटच्या नाक्यापर्यंत किती मिनिटांत पोहोचतो, जखमी सहकाऱ्याचा रक्तस्राव थांबवणे किती जणांना येते, हे प्रश्न कमी विचारले जातात.

मग चकमकींचा धडा कोणता?

मायामीनंतर गोळी बदलली, पण एमपी-५ असलेल्या गाड्या वेळेत पोहोचल्या असत्या तर कदाचित त्या गोळीची चर्चाच झाली नसती. न्यूहॉलनंतर पुंगळ्यांची गोष्ट गाजली, तर गाडी थांबवण्याची नवी पद्धत शांतपणे लागू झाली आणि प्रत्यक्षात तीच जास्त उपयोगी पडली. नॉर्थ हॉलीवूडने रायफली दिल्या, पण त्या दिवशी जीव वाचवले ते अंतराने आणि आडोशाने.

कालबाह्य शस्त्र घेऊन शिपायाला उभे करणे हा अन्यायच आहे आणि चांगले शस्त्र हा त्याचा हक्क आहे. मात्र नवी रायफल हाती देऊन काम संपत नाही. ती चालवण्याचा नियमित सराव, कधी चालवायची नाही याचे नियम, वेळेवर पोहोचणारी माहिती आणि गोळी थोपवणारे जॅकेट हे सगळे त्याच्याबरोबर यायला हवे. पुढची चकमक कुठे होईल हे कोणालाच सांगता येत नाही. तिच्यात पहिली पाच मिनिटे लढणार आहे तो मात्र कमांडो नसेल. तो जवळच्या पोलीस ठाण्याचा, नाक्यावर उभा असलेला शिपाई असेल.